कोळंबीची टरफलं, जिवाणू आणि सांगलीचा गूळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरजेतले मासळीविक्रेते, तासगाव-पलूसचे द्राक्षबागायतदार, आटपाडीकडचे डाळिंबवाले आणि महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी मुलं, या सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विषय असा: कोळंबीची टरफलं जिवाणूंकडून आंबवून घ्यायची आणि त्यातलं कायटिन हे उपयोगी संयुग वेगळं करायचं. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना जागा लागते. मी हा विषय शिकवतो आणि तो मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, त्यामुळे जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच मांडलं आहे.

समुद्र घाटाखाली. मग सांगलीत या विषयाचं काय काम?

रत्नागिरीची मासळी बर्फात घालून आंबा घाटाने वर येते आणि सांगली, मिरज, इस्लामपूर, विट्याच्या बाजारात विकली जाते. कोळंबी सोलली की वजनाच्या साधारण ४० ते ५० टक्के भाग, म्हणजे डोकं आणि कवच, टोपलीत जातो. बाजार, खानावळी आणि हॉटेलं मिळून हा कचरा रोज निघतो, आणि बहुतेक ठिकाणी तो गटाराकडेला किंवा कचरा डेपोत कुजतो.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. टरफलं जिवाणूंकडून साफ करून घ्यायची तर जिवाणूंना साखर लागते. किनाऱ्यावर टरफलं ढिगाने आहेत, पण साखर बाहेरून आणावी लागते. आपल्याकडे उलट आहे. वाळवा, पलूस, कडेगाव, शिराळा हा सगळा उसाचा पट्टा. शिवाय तयार होणाऱ्या मालाचं गिऱ्हाईकही इथेच आहे: द्राक्ष, डाळिंब, हळद, भाजीपाला. म्हणून किनारा आणि कृष्णाकाठ यांनी मिळून करायचं हे काम आहे असं मी ठामपणे म्हणतो.

टरफलात असं असतं तरी काय?

वाळलेल्या कोळंबीच्या कवचात ढोबळमानाने ३० ते ४० टक्के प्रथिनं, ३० ते ५० टक्के क्षार आणि २० ते ३० टक्के कायटिन असतं. क्षारांत मुख्य वाटा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूचा. जात, वय आणि डोक्याचं प्रमाण यांवर आकडे बदलतात. त्यात लाल रंगद्रव्य ॲस्टाझँथिनही असतं. कोळंबी शिजवल्यावर लाल होते ती त्याच्यामुळे. कच्च्या कोळंबीत ते प्रथिनाला बांधलेलं असतं, उष्णतेने सुटं होतं.

कायटिन म्हणजे नायट्रोजन असलेल्या साखरेच्या कणांची लांब साखळी. सेल्युलोजच्या खालोखाल निसर्गात सर्वांत जास्त बनणारं असं हे संयुग, आणि ते फक्त समुद्रात नाही. नाकतोड्याच्या अंगावर, मुंगीच्या कवचात, बुरशीच्या पेशीभित्तिकेत तेच आहे. १८११ मध्ये आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते प्रथम वेगळं केलं ते अळंबीतून. पुढे १८५९ मध्ये शार्ल रूजे यांनी कायटिन तीव्र अल्कलीत उकळलं आणि सौम्य आम्लात विरघळणारा पदार्थ मिळवला. त्यालाच आज आपण कायटोसान म्हणतो.

तिसऱ्या, कालवं, कृष्णेतले शिंपले चालतील का?

नाही. त्यात जवळपास सगळा खडूच असतो, कायटिन नगण्य. ते चुन्याला किंवा बारीक करून कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियमसाठी वापरा.

आज कारखान्यात कायटिन कसं काढतात? त्यात वाईट काय?

आधी हायड्रोक्लोरिक आम्लात टरफलं बुडवून खडू विरघळवतात. मग गरम कॉस्टिक सोड्यात प्रथिनं काढतात. उरतं ते कायटिन. त्याचं कायटोसान करायचं तर ४०-५० टक्के तीव्रतेच्या कॉस्टिकमध्ये पुन्हा तापवतात. आपल्या देशात कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने या विषयावर अनेक वर्षं काम केलं आहे.

ही पद्धत जलद आहे, खात्रीची आहे, म्हणून टिकली. पण प्रत्येक टप्प्यानंतर माल पुन्हा पुन्हा धुवावा लागतो आणि ते धुवण आम्लयुक्त, अल्कलीयुक्त, खारट आणि प्रथिनांनी भरलेलं असतं. प्रथिनं कॉस्टिकमध्ये खराब होतात, रंगद्रव्य जातं, तीव्र आम्लाने कायटिनची साखळीही तुटते. म्हणजे टरफलातल्या तीन मौल्यवान गोष्टींपैकी एक मिळवायची आणि दोन नाल्यात सोडायच्या. कृष्णेच्या पाण्याची काय दशा आहे हे सांगलीकरांना सांगायला नको, त्यामुळे अशा युनिटचा विचार इथे करताना सांडपाण्याचा प्रश्न पहिला यायला हवा.

मग जिवाणू नेमकं करतात काय?

ज्याने मुरघास केला आहे त्याला हे लगेच कळेल. मक्याची कुट्टी दाबून हवाबंद केली की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू त्यातली साखर खातात, सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप) उतरतो, कुजवणारे जिवाणू मागे पडतात आणि चारा टिकतो. टरफलांचंही तेच करायचं. फरक इतकाच की मक्यात साखर असते, टरफलात नसते, ती वरून घालावी लागते.

आत दोन कामं एकाच वेळी चालतात. लॅक्टिक आम्ल खडूवर काम करतं. खडू विरघळून कॅल्शियम लॅक्टेट बनतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. दुसरीकडे, कोळंबीच्या डोक्यात तिचं पचनाचं इंद्रिय असतं आणि त्यात प्रथिनं पचवणारी विकरं (एन्झाइम) भरपूर असतात. ती आंबवणात प्रथिनांचे तुकडे करून द्रवात सोडतात. म्हणून नुसत्या कवचापेक्षा डोक्यासकट कचरा चांगला आंबतो. जे डोकं सगळ्यांत आधी सडतं, तेच इथे सगळ्यांत उपयोगी पडतं.

पाच-सात दिवसांनी गाळलं की वर घन भाग राहतो, त्यात कायटिन; खाली द्रव, त्यात प्रथिनांचे तुकडे, अमिनो आम्लं आणि कॅल्शियम लॅक्टेट. ॲस्टाझँथिनही वाया जात नाही, ते पुढे खाद्यतेलात उतरवता येतं.

एक मात्र सांगतो, कारण जाहिरातींत ते येत नाही: नुसत्या आंबवण्याने शंभर टक्के सफाई होत नाही. थोडा खडू आणि थोडी प्रथिनं मागे राहतात. औषधी दर्जाचा माल हवा असेल तर शेवटी आम्ल-अल्कलीचा सौम्य हात फिरवावाच लागतो, पण मूळ पद्धतीपेक्षा बराच कमी.

कोणते जिवाणू? दही घातलं तर चालेल?

या कामात सर्वांत जास्त अभ्यासलेला जिवाणू म्हणजे लॅक्टोबॅसिलस प्लँटारम. शास्त्रज्ञांनी अलीकडे त्याचं नाव लॅक्टिप्लँटिबॅसिलस असं बदललं आहे. भाज्यांच्या आंबवणात आणि मुरघासात तो आपोआप सापडतो. बाजारात मुरघासासाठी जे कल्चर मिळतं, त्याच्या पाकिटावर बहुधा हेच नाव असतं. म्हणजे आपल्या पशुपालकांच्या घरात हा जिवाणू आधीच येऊन बसला आहे.

दह्यातल्या जिवाणूंची सवय दुधातल्या लॅक्टोजची. त्यातले बरेच उसाच्या साखरेवर नीट वाढत नाहीत. त्यामुळे दही हा कच्चा पर्याय आहे.

प्रयोगशाळांतल्या शोधनिबंधांत बॅसिलस सब्टिलिस, सेराशिया मार्सेसन्स, स्यूडोमोनास एरुजिनोसा अशीही नावं येतात. ते प्रथिनं जोरात तोडतात. पण शेवटचे दोन माणसाला संसर्ग करू शकतात, दवाखान्यातल्या संसर्गांत त्यांची नावं नेहमी असतात. घरी, दुकानात, शेतात त्यांच्या वाटेला जाऊ नका.

जिवाणू कायटिनच खाऊन टाकत नाहीत का?

काही खातात, आणि म्हणूनच समुद्र कवचांनी भरून गेला नाही. व्हिब्रिओ गटातले जिवाणू समुद्रात हेच काम करतात, जमिनीत स्ट्रेप्टोमायसिस करतात. त्यांच्याकडे कायटिनेज हे विकर असतं. पण कायटिनच्या साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की कायटिनेजला आत शिरायला वाट मिळत नाही. २०१० मध्ये नॉर्वेतल्या शास्त्रज्ञांनी सेराशिया मार्सेसन्सच्या एका प्रथिनावर काम करताना दाखवलं की ते प्रथिन ऑक्सिडीकरणाने त्या घट्ट पृष्ठभागावरच साखळी तोडतं आणि कायटिनेजला वाट करून देतं. या शोधाचा उपयोग पुढे सेल्युलोजपासून इंधन बनवण्याच्या संशोधनातही झाला, कारण तशीच विकरं सेल्युलोजसाठीही सापडली.

म्हणजे दोन वेगळी कामं आहेत. कायटिन वाचवायचं असेल तर लॅक्टिक जिवाणू. ते कायटिनला हात लावत नाहीत. कायटिन तोडून ग्लुकोसामीन किंवा त्याच्या छोट्या साखळ्या हव्या असतील तर कायटिनेजवाले. दोन्हींची गल्लत केली की हाती काहीच लागत नाही.

साखर किती लागते? मळी वापरता येईल?

हिशेब साध्या रसायनशास्त्राचा आहे. १०० ग्रॅम खडू विरघळवायला १८० ग्रॅम लॅक्टिक आम्ल लागतं, आणि तेवढं आम्ल बनायला जवळपास तितकीच साखर. ओल्या टरफलात तीन चतुर्थांश पाणी धरलं, तर एक किलोत ९०-१०० ग्रॅम खडू निघतो. म्हणजे सगळा खडू काढायचा तर किलोमागे १६०-१८० ग्रॅम साखर. प्रयोगांत बहुतेक वेळा १० टक्क्यांच्या आसपास साखर वापरतात आणि उरलेला खडू शेवटी सौम्य आम्लाने काढतात. पांढरी साखर घालून हा हिशेब बसत नाही, म्हणूनच मळीचं महत्त्व.

मळी म्हणजे मोलॅसिस, साखर काढल्यावर उरणारा काळा पाक; प्रेसमड, म्हणजे रस गाळल्यावर उरणारा गाळ, नव्हे. मळीवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचं नियंत्रण असतं, कारण तिच्यापासून मद्यार्क होतो. कुठल्याही कारखान्यातून पिंपभर उचलून आणता येत नाही, परवाना लागतो. छोट्या प्रमाणावर दुय्यम प्रतीचा गूळ बरा. पनीर-चक्क्याच्या उद्योगातून निघणारं निवळीचं पाणीही चालतं, पण त्यात साखर पाच टक्क्यांच्या आसपासच असते, त्यामुळे ते पाण्याऐवजी वापरावं, गुळाऐवजी नव्हे.

आमच्या मासळीच्या दुकानात करून बघायचं आहे. कसं करावं?

पहिली अट ताजेपणाची. सकाळी सोललेली टरफलं दुपारपर्यंत आंबवणात गेली पाहिजेत. सांगलीच्या उन्हाळ्यात चार-पाच तासांत कुजवणारे जिवाणू पुढे निघून जातात आणि मग लॅक्टिक जिवाणूंना शर्यत जिंकता येत नाही. लगेच जमत नसेल तर बर्फात ठेवा.

पाच किलो टरफलं कोयत्याने किंवा कुट्टी यंत्रातून बारीक करा. अर्धा किलो गूळ पाण्यात विरघळवून घाला, पाणी टरफलं जेमतेम बुडतील इतकंच. त्यात थोडं व्हिनेगर घालून सामू सहाच्या आसपास आणा. सामू मोजायच्या कागदाच्या पट्ट्या रसायनांच्या दुकानात मिळतात. मग मुरघासाचं कल्चर मिसळा. पिंप प्लास्टिकचं घ्या, लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं नको, आम्ल ते खातं.

झाकण पक्कं आवळू नका. खडू विरघळताना भरपूर वायू सुटतो आणि बंद पिंप फुगून फुटू शकतं. झाकणाला नळी लावून तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवलं की वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही. पिंपाचा एक तृतीयांश भाग फेसासाठी रिकामा ठेवा.

आता खरी परीक्षा. दोन दिवसांत सामू पाचाच्या खाली आला पाहिजे आणि पुढे साडेचारच्या आसपास किंवा खाली राहिला पाहिजे. विरघळणारा खडू सामू पुन्हा वर ढकलतो, त्यामुळे रोज बघा. वर सरकायला लागला तर आणखी गूळ घाला. तीस ते पस्तीस अंश तापमान या जिवाणूंना मानवतं. थंडीत दिवस वाढतील.

दोन दिवसांत सामू उतरला नाही आणि अमोनियाचा दर्प आला, तर तो माल वाचवत बसू नका. पाचट आणि मातीच्या थरात कंपोस्ट खड्ड्यात गाडून टाका.

जमलं तर सहाव्या-सातव्या दिवशी फडक्यातून गाळा. चोथा भरपूर पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. हे झालं कच्चं कायटिन. तळाशी पांढरा गाळ दिसला तर तो बहुधा कॅल्शियम लॅक्टेटचा असतो, घाबरू नका.

वास येतो का?

आंबवण जमलं तर आंबट, थोडा मासळीचा वास येतो. नाकाला झोंबणारा कुजका वास आला तर ते बिघडलं आहे.

खेकड्याच्या कवचाचं असंच होईल?

कठीण जातं. खेकड्याच्या कवचात खडू जास्त, प्रथिनं कमी आणि कवच जाड. साखर जास्त लागते, वेळही. सुरुवात कोळंबीनेच करा.

हे कच्चं कायटिन म्हणजेच कायटोसान का?

नव्हे. कायटोसान करायला साखळीवरचे ॲसिटिल गट काढावे लागतात. ते काम करणारी विकरं निसर्गात आहेत, पण घट्ट कायटिनवर ती फार सावकाश चालतात, त्यामुळे उद्योगात हा टप्पा आजही गरम, तीव्र कॉस्टिकनेच होतो. हे घरी किंवा शेडमध्ये अजिबात करू नका. तापलेल्या कॉस्टिकचा एक शिंतोडा डोळा घालवतो.

माझं मत असं: गावपातळीवर आंबवणं, धुणं, वाळवणं इथपर्यंतच यावं. वाळलेलं कच्चं कायटिन सडत नाही, हलकं असतं, पोत्यात भरून कुठेही जातं. पुढचं काम सांडपाण्याची सोय असलेल्या कारखान्याने करावं.

द्राक्षावर कायटोसान मारलं तर केवडा (डाऊनी मिल्ड्यू हा रोग) जातो का?

हा प्रश्न ऑक्टोबर छाटणीनंतर हमखास येतो, म्हणून जरा सविस्तर. कायटोसान दोन तऱ्हेने काम करतं. एक, काही बुरशींवर ते थेट परिणाम करतं. दोन, झाडाला त्याची चाहूल बुरशीच्या हल्ल्यासारखी वाटते आणि झाड स्वतःची संरक्षक रसायनं आधीच तयार करायला लागतं. दुसरं काम जास्त महत्त्वाचं.

केवड्याला कारणीभूत असलेला जीव खरी बुरशी नाही. त्याच्या पेशीभित्तिकेत मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकान असतं. त्यामुळे 'कायटिनेजवाल्या जिवाणूंनी केवडा खाऊन टाकला' हे विक्रेत्याचं बोलणं पटण्यासारखं नाही. झाडाची प्रतिकारशक्ती जागी करून केवड्याचा जोर कमी होऊ शकतो, पण त्यासाठी फवारणी रोग येण्याआधी हवी. पानाच्या मागे पांढरी वाढ दिसायला लागल्यावर कायटोसानवर विसंबून राहिलात तर बाग हातची जाईल. ढगाळ, पावसाळी आठवड्यात शिफारशीत बुरशीनाशकाला ते पर्याय नाही, जोडीदार आहे.

निर्यातदारांसाठी: युरोपीय संघाने २०१४ मध्ये कायटोसान हायड्रोक्लोराइडला पीकसंरक्षणातला मूलभूत पदार्थ म्हणून मान्यता दिली आहे. तरी तुमच्या निर्यातदाराच्या यादीत बसतं का हे विचारूनच वापरा.

आणि पाणी बघा. कायटोसान आम्लधर्मी पाण्यातच विरघळलेलं राहतं. सामू साडेसहाच्या वर गेला की त्याचे तंतू होऊन बाहेर पडतात आणि नोझल चोंदतं. आपल्याकडच्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आणि अल्कलीकडे झुकणारं असतं. बोर्डो मिश्रणाबरोबर (मोरचूद आणि चुना) तर मिसळूच नका: चुन्याने कायटोसान फाटतं आणि तांब्याला ते धरून ठेवतं.

डाळिंबाच्या मुळावरच्या सूत्रकृमींसाठी कच्चं कायटिन मातीत घालावं का?

यामागचं तर्कशास्त्र भक्कम आहे. सूत्रकृमीच्या अंड्याच्या कवचात कायटिन असतं. मातीत कायटिन घातलं की ते खाणारे जिवाणू, त्यांतही ॲक्टिनोमायसीट्स (बुरशीसारखे तंतू काढणारे जिवाणू), वाढतात, आणि त्यांची विकरं अंड्यांवरही चालतात. शिवाय कायटिन कुजताना अमोनिया सुटतो, तोही सूत्रकृमींना मारतो. पण तोच अमोनिया जास्त झाला तर कोवळ्या मुळांनाही भाजतो. म्हणून थेट खोडाशी ओतू नका, शेणखतात मिसळून महिनाभर मुरवा आणि आधी मोजक्या झाडांवर बघा.

गाळलेल्या द्रवाबद्दलही तेच. त्यात नत्र आहे, कॅल्शियम आहे, पण समुद्रातल्या मासळीचं मीठही आहे. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीत तो ओतणं चुकीचं. कंपोस्टच्या ढिगावर शिंपडणं हा त्याचा सर्वांत सुरक्षित उपयोग.

दुकानातून आणलेलं कायटोसान खरं आहे हे कसं ओळखायचं?

पावडर असेल तर चिमूटभर साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये घालून काही तास अधूनमधून ढवळा. कायटोसान फुगून विरघळतं आणि द्रव दाटसर होतो. कायटिन किंवा खडूची भेसळ असेल तर ती तळाशी बसते. खडू असेल तर आधी फसफसतोही. मग त्या द्रवात खाण्याचा सोडा थोडा थोडा घाला. फेस ओसरल्यावर पांढरे तंतू किंवा जेलीसारखे तुकडे दिसले तर कायटोसान आहे. बाटलीतल्या तयार द्रवाला ही सोड्याची चाचणी तेवढी चालते, पण त्यात इतर काही मिसळलेलं असेल तर निकाल फसवा येऊ शकतो. जैव-उत्तेजकं (पिकाला चालना देणारी अशी उत्पादनं) २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत, त्यामुळे लेबलवरची नोंदणी बघा आणि पक्कं बिल घ्या.

आम्ही माळकरी आहोत. शेतात हे वापरावं का?

हा प्रश्न वारकरी घरांतून येतो, जैन बागायतदारांकडूनही येतो, आणि तो आदराने घ्यायला हवा. कोळंबीपासून बनलेलं कायटोसान प्राणिजन्यच आहे, 'नैसर्गिक' असं लिहून ते लपत नाही. विक्रेत्याला स्रोत विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ज्यांना ते नको, त्यांच्यासाठी बुरशीपासून काढलेलं कायटोसान असतं. सायट्रिक आम्लाच्या उद्योगात वापरतात त्या ॲस्परजिलस नायजर बुरशीपासून ते मिळतं, आणि वाईन बनवतानाही बुरशीजन्य कायटोसानच मान्य आहे. महाग पडतं, पण आहे.

कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनी काय करावं?

टरफलं हाताळू नयेत आणि वाळलेली पूड दळताना जवळ थांबू नये. ही ॲलर्जी मुख्यतः ट्रोपोमायोसिन या प्रथिनाची असते, आणि कच्च्या कायटिनमध्ये प्रथिनं उरलेली असतात. इतरांनीही दळताना नाकाला मास्क लावावा.

कायटोसानची मलमपट्टी खरंच रक्त थांबवते?

हो. त्यावर धन विद्युतभार असतो, तांबड्या पेशींवर ऋण. दोन्ही चिकटून गोळा बनतो आणि रक्त गोठवणाऱ्या घटकांवर फारसं अवलंबून न राहता स्राव थांबतो. अशा पट्ट्या सैन्यदलांनी युद्धभूमीवर वापरल्या आहेत. पण तो वैद्यकीय दर्जाचा, निर्जंतुक माल असतो. घरच्या पिंपातलं काहीही जखमेवर लावू नका.

धंदा म्हणून उभं राहील का?

एकट्या सांगलीच्या बाजारातल्या टरफलांवर कायटिनचा कारखाना चालणार नाही, तेवढा माल इथे नाही. देशातून २०२३-२४ मध्ये सात लाख टनांहून जास्त गोठवलेली कोळंबी निर्यात झाली. खरा कचरा त्या प्रक्रिया केंद्रांत आहे. मला व्यवहार्य वाटतं ते असं: रत्नागिरीकडच्या केंद्रांत टरफलं निघाल्याबरोबर तिथेच आंबवायची, त्यासाठी गोडवा घाटावरून जायचा, आणि वाळलेला माल व कंपोस्ट वर यायचं. ओली टरफलं घाट चढवून आणण्यात पैसाही जातो आणि मालही सडतो. युनिट काढायचं तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि शेतीसाठी विक्री करायची तर कृषी विभागाची नोंदणी, ही दोन कामं आधी करा.

बीएस्सीच्या प्रकल्पासाठी यातलं काय घेता येईल?

गूळ, साखर आणि निवळीचं पाणी अशा तीन बरण्या लावा, चौथी साखरेविना. रोज सामू मोजा आणि शेवटी घन भागातली राख काढा. राख जितकी कमी, तितका खडू जास्त निघाला. प्रत्येक बरणी तीनदा लावा, नाहीतर फरक खरा की योगायोग हे सांगता येणार नाही. कल्चर विकत आणण्याआधी आपल्याच भागातल्या मुरघासातून जिवाणू वेगळे करून बघा, त्यात एखादा चाळीस अंशांतही जोमाने आम्ल करणारा सापडला तर तो जपून ठेवा आणि विभागाच्या संग्रहात नोंदवा.